चायनीजची गाडी गाळ्यात नेताना: भट्टी, चटणी, परवाने आणि हिशोब

कांदापात (धागालेखक)

लाल पत्र्यावर पिवळा ड्रॅगन काढलेली गाडी काही वर्षांनी मागच्याच गाळ्यात शिरते, वर पाटी लागते, एसी येतो, मेन्यूकार्ड बारा पदार्थांवरून दीडशेवर जातं. आणि सहा महिन्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणायला लागतं, "गाडीवरची मजा नाही राहिली." मुंबईत हे भांडुपपासून लालबागपर्यंत सगळीकडे दिसतं. कुक तोच, चटणी तीच, बरेचदा कढईही तीच. मग बिघडतं काय?

माझ्या मते रेसिपी बिघडत नाही, आच बिघडते. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

गाडीवरची एक फुल प्लेट व्हेज फ्राइड राइस कशी होते ते आधी मांडतो. कढई पातळ लोखंडाची, चौदा ते सोळा इंची. रिकामी कढई भडक्यावर धूर निघेपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट. तेल ३० मिली, कढईभर फिरवून. लसूण-आलं १० ग्रॅम, पाचेक सेकंद. कोबी, गाजर, फरसबी, सिमला मिरची मिळून ८० ते १०० ग्रॅम, अर्धा मिनिट. मग ३०० ग्रॅम गार भात. मीठ ३ ग्रॅम, अजिनोमोटो चिमूटभर (ग्रॅमच्या आत), पांढरी मिरपूड. सोया सॉस एक छोटा चमचा, तोही भातावर नाही तर कढईच्या तापलेल्या काठावर ओतायचा, म्हणजे तो जळता-जळता उतरतो आणि वास धरतो. दोन-तीन उडव्या, काठावर व्हिनेगर, वरून कांद्याची पात. भट्टीवर चढल्यापासून प्लेटीत पडेपर्यंत अडीच मिनिटं.

आता हेच गाळ्यात बघा. ऑर्डरी एकदम येतात म्हणून कुक एका कढईत चार प्लेटा टाकतो. सव्वा किलो गार भात पडला की कढई गार पडते. भाज्यांचं पाणी उडून जायच्या ऐवजी तळाशी साचतं, भात परतला न जाता वाफवला जातो, दाणे एकमेकांना चिकटतात. मग रंग येत नाही म्हणून सोया वाढतो, सोया वाढला की खारट होतं, खारट झालं की साखर. एका कढईत दोन प्लेटा ही मर्यादा समजावी. मोठी ऑर्डर असेल तर दुसरी कढई चढवावी, पहिली भरू नये.

भट्टी, गॅस, धूर, परवाने आणि हिशोब यातल्या जाणकारांनी भर घालावी. "अमक्याकडचं भारी, तमक्याकडचं बकवास" यासाठी वेगळे धागे आहेत, इथे नको.

भट्टीवाला

आचेबद्दल शंभर टक्के सहमत, पण आकडे मांडू या, नाहीतर चर्चा हवेत राहते.

घरच्या शेगडीचा मोठा बर्नर अडीच-तीन किलोवॅटचा. चायनीज भट्टीचा बर्नर वीस ते चाळीस किलोवॅटच्या घरात. एक किलो एलपीजीतून साधारण १३ किलोवॅट-तास उष्णता मिळते. म्हणजे २५ किलोवॅटचा बर्नर पूर्ण उघडा ठेवला तर तासाला जवळपास दोन किलो गॅस खातो, आणि १९ किलोची टाकी नऊ-दहा तासांत संपते.

गोम अशी की टाकीत दोन किलो गॅस असणं आणि तासाला दोन किलो वायू बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत द्रव असतो. त्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता टाकीच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून येते. एका टाकीतून तासाला अर्धा ते एक किलो वायू सुखाने निघतो. जास्त ओढलात की टाकी गार पडते, बाहेरून दव धरतं, कधी बर्फही, आणि दाब उतरतो. रात्री साडेनऊला ऐन गर्दीत भडका निम्म्यावर येतो तो यामुळे. टाकीवर गरम पाणी ओतणं किंवा टाकी भट्टीकडे सरकवणं हा इलाज नव्हे, तो अपघात आहे. दोन-तीन टाक्या एका मॅनिफोल्डवर (टाक्या एकत्र जोडणाऱ्या नळीवर) जोडा, म्हणजे प्रत्येकीवर ओढ कमी पडते.

गाळ्यात गेल्यावर दुसरी फसगत. पाइप गॅस आला म्हणून लोक जुनी एलपीजीची भट्टी तशीच त्यावर जोडतात. नैसर्गिक वायूत तेवढ्याच घनफळात एलपीजीच्या साधारण ४० टक्केच उष्णता असते. जेट (गॅस सोडणारी भोकाची तोटी) तेच ठेवलं तर भडका मरतुकडा होणारच. जेट मोठ्या भोकाचं लागतं, आणि महानगर गॅसचं व्यावसायिक कनेक्शन घेताना "ताशी इतके घनमीटर, इतक्या दाबाने" हे आधीच लिहून द्यावं लागतं. २५ किलोवॅटच्या एका बर्नरला ताशी अडीच घनमीटर धरा. तीन बर्नर एकदम चालणार असतील तर साडेसात, वर सूपची शेगडी आणि फ्रायर वेगळे. उलट चूक जास्त भयंकर: पाइप गॅसचं जेट लावलेली भट्टी पुरवठा बंद पडला म्हणून तात्पुरती टाकीवर जोडली की ज्योत कुकच्या तोंडावर येते.

ज्योत पिवळी होऊन कढईचं बूड काळं होत असेल तर गॅस कमी नाही, हवा कमी आहे. ब्लोअरच्या (भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याच्या) जाळीत मैद्याची भुकटी आणि तेलकट लोळ बसलेले असतात. दर आठवड्याला जाळी काढून धुवायची.

परळकर

घरगुती लाल टाकीवर चालणाऱ्या गाड्यांचं काय? अर्ध्या मुंबईत तेच चालतं.

भट्टीवाला

बेकायदा आहे, विषय संपला. १४.२ किलोची टाकी घरासाठी, धंद्याला १९ किलोची निळी किंवा छोटी ५ किलोची. पण तांत्रिक बाजूही बघा. घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारचा असतो, त्यावर हाय प्रेशर बर्नर चालतच नाही. म्हणून लोक टाकीच्या तोंडावर जुगाड रेग्युलेटर बसवतात, आणि गळती तिथूनच सुरू होते.

गाळ्यात टाक्या किती ठेवता येतात हेही इथेच लिहितो. एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही. म्हणजे १९ किलोच्या पाच, आणि यात रिकाम्या समजून कोपऱ्यात उभ्या केलेल्याही मोजायच्या, कारण त्या पूर्ण रिकाम्या कधीच नसतात. टाक्या जमिनीच्या वर, हवा खेळती असेल अशा जागी. पोटमाळ्यावर, तळघरात, गटाराच्या तोंडाशी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइप गॅस हलका, त्याचा डिटेक्टर छताजवळ. दोन्ही वापरत असाल तर दोन्हीकडे. कुर्ल्याच्या एका हॉटेलात ऑक्टोबर २०१५ मध्ये टाकीच्या स्फोटात आठ जण गेले. त्यात पोटमाळ्यावर बसून जेवणारी कॉलेजची मुलं होती.

धुराडे

भट्टीवाल्यांच्या पुढचं मी लिहितो. गाडीला एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे मोकळी हवा. सुक्या मिरचीची फोडणी बसली की रस्त्यावर चार जण शिंकतात आणि पुढे जातात. गाळ्यात अख्खं हॉटेल ठसका लागून खोकतं.

हूडचं (भट्टीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीचं) गणित अवघड नाही. भट्ट्यांची रांग समजा २.१ मीटर लांब आणि ०.९ मीटर खोल. हूड चारी बाजूंनी १५ सेंटीमीटर बाहेर हवा, म्हणजे २.४ बाय १.२, क्षेत्रफळ २.८८ चौरस मीटर. हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर सेकंदाला १.४४ घनमीटर, म्हणजे बाजाराच्या भाषेत तीन हजार सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वर. फॅनवाला दोन हजारचा फॅन विकून मोकळा होतो, कारण तो नळीतले बाक आणि जाळीची अडवणूक धरतच नाही. नळी चार मजले वर जाते, तीन काटकोन घेते, मग शेवटी प्रत्यक्ष किती ओढतोय हे विचारा.

याहून जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आत येणारी हवा. तीन हजार बाहेर फेकताय, तर निदान अडीच हजार फ्रेश एअर आत सोडलीच पाहिजे. नाही सोडली तर किचनचं दार आपोआप ओढलं जातं, एसीची गार हवा सगळी भटारखान्यात जाते, ज्योत एका बाजूला लवते आणि कढई अर्धीच तापते. कुक म्हणतो भट्टी खराब आहे. भट्टी ठणठणीत असते, तिला श्वास मिळत नसतो.

बॅफल फिल्टर (हूडमधली तेल अडवणारी जाळी) रोज रात्री कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात, हातमोजे घालून. नळी दर तीन महिन्यांनी आतून खरवडून, त्यासाठी प्रत्येक बाकाजवळ उघडणारी झडप बनवून घ्या. नळीत साचलेलं तेल पेटलं तर आग थेट गच्चीपर्यंत जाते. भट्टीजवळ तेलाच्या आगीसाठीचं के-टाइप वेट केमिकल सिलेंडर हवं. पाण्याची बादली नको. पेटत्या तेलावर पाणी टाकलं की ते पाणी क्षणात वाफ होऊन जळतं तेल चहूकडे उडवतं.

आणि हो, नळी कुठून जाणार हे गाळ्याचं टोकन देण्याआधी ठरवा. सोसायटीने मागच्या भिंतीवरून नळी न्यायला लेखी परवानगी दिली नाही तर तो गाळा चायनीजसाठी निरुपयोगी, भाडं कितीही कमी असो. तोंडी "बघू, होईल" याला काडीची किंमत नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांना लसणाचा वास लागला की पहिली तक्रार वॉर्ड ऑफिसात जाते.

सई_गिरगाव

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. शेजवान चटणीबद्दल लिहिते, कारण "चटणी तीच" हे कांदापात यांचं वाक्य मला अर्धवट पटलं. कृती तीच असते, पण गाडीवर ती दोन दिवसांत संपते आणि गाळ्यात आठवड्याची एकदम करून ठेवतात. तिथे फरक पडतो.

साधारण अडीच-पावणेतीन किलो चटणीसाठी: बेडगी मिरची ५०० ग्रॅम रंगाला, गुंटूर १०० ग्रॅम तिखटाला. देठं आणि शक्य तेवढ्या बिया काढून उकळत्या पाण्यात अर्धा तास, मग निथळून कमीत कमी पाण्यात वाटण. लसूण ५०० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम, दोन्ही बारीक चिरलेलं, वाटलेलं नाही. तेल एक लिटर. सेलरी १०० ग्रॅम, गाडीवर तिच्या जागी कोथिंबिरीचे देठ असतात आणि ते वाईट लागत नाहीत. व्हिनेगर १५० मिली, मीठ ७० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, सोया सॉस ५० मिली.

तेल मध्यम तापवून आधी लसूण. तो फिकट सोनेरी झाला की लगेच आलं, कारण लसूण उतरवल्यावरही आतल्या उष्णतेने शिजत राहतो आणि तपकिरी झालेला लसूण अख्खं पातेलं कडू करतो. मग मिरचीचं वाटण, मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं, तेल कडेला सुटेपर्यंत. तेल सुटलं नाही म्हणजे पाणी उरलंय, आणि पाणी उरलं की तिसऱ्या दिवशी बुरशी. व्हिनेगर, मीठ, साखर शेवटी.

व्हिनेगर चवीपुरतं समजू नका. लसूण तेलाखाली, हवा बंद, बाहेरच्या तापमानाला ठेवणं ही बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना आवडणारी जागा आहे. पीएच ४.६ च्या खाली गेला, म्हणजे आंबटपणा पुरेसा झाला, की ते वाढत नाहीत. पीएचच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, दर बॅचला एक बुडवा. तरीही चटणी फ्रिजमध्येच, आणि डब्यात ओला चमचा घालणाऱ्याला हाकला.

बाळ्या_माझगाव

किंचित अवांतर, पण धाग्याशी नातं आहे. मुंबईत चिनी खाणं गाडीवरून सुरू झालं नाही, उलट ते हॉटेलांतून गाडीवर उतरलं. माझगावात चिनी वस्ती होती, तिथलं सी यूप मंदिर १९१९ चं, अजून आहे. चर्चगेटचं कामलिंग, कुलाब्याचं नानकिंग ही जुनी नावं. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं मानलं जातं: आलं-लसूण-हिरवी मिरची घ्यायची, पण गरम मसाला न घालता सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर. पुढे त्यांनी केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं. चायनीज भेळ आणि ट्रिपल शेजवान मात्र गाडी संस्कृतीतलेच.

कांदापात

बाळ्या, छान. मंचुरियनचा विषय निघालाच आहे तर बॉलबद्दल लिहितो. गाळ्यात गेल्यावर भातानंतर सगळ्यात जास्त तक्रार त्यांचीच येते, "कडक झालेत" किंवा "आत मैदा कच्चा".

एक किलो कोबी हाताने बारीक चिरलेला (मिक्सरमधून काढलेला नको, तो पाणी सोडतो), गाजर २०० ग्रॅम, आलं-लसूण-मिरची ६० ग्रॅम, पांढरी मिरपूड ५ ग्रॅम, मैदा १५०, कॉर्नफ्लोर १५०, मीठ १२ ग्रॅम. पाण्याचा थेंब नाही. मीठ सगळ्यात शेवटी, तेल तापल्यावर. मीठ पडलं की दहा मिनिटांत कोबी पाणी सोडतो, मिश्रण सैल होतं, मग त्यात आणखी मैदा पडतो आणि बॉल दगड होतात. म्हणून दहा किलोचं पातेलं एकदम कालवायचं नाही. २५ ग्रॅमचे साठेक बॉल होतात. १६० ते १६५ अंशांवर पाच-सहा मिनिटं, बाहेर काढून जाळीवर. ऑर्डर आली की १८० वर एक मिनिट. थंड तेलात टाकले तर तेल पितात, फार तापलेल्यात टाकले तर बाहेरून काळे आणि आत पीठ.

ग्रेव्ही: एका प्लेटीला २५० मिली स्टॉक, १२ ते १५ ग्रॅम कॉर्नफ्लोर दुप्पट पाण्यात कालवून. घोळ प्रत्येक वेळी ढवळून घ्या, तो तळाशी बसतो. उकळी फुटलेल्या ग्रेव्हीत धार धरून ओता आणि अर्धा मिनिट उकळू द्या, नाहीतर कच्चट लागतं. व्हिनेगर अगदी शेवटी. आधी घालून उकळत ठेवलं तर आम्लाने कॉर्नफ्लोरचा घट्टपणा तुटतो आणि ग्रेव्ही पाणचट होते.

सई_गिरगाव

आणि लाल रंग? गाडीवर चिमटीने टाकतात.

कांदापात

बंद करा. शिजवलेल्या अशा पदार्थांत कृत्रिम रंगाला आपल्या अन्न नियमांत जागाच नाही. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर उघड बंदी घातली तेव्हा लोकांना नवल वाटलं. बेडगीचं वाटण दोन चमचे वाढवलं की रंग येतो, लॉलीपॉपलाही पुरतो. झगझगीत लाल होत नाही, विटकरी होतो. गिऱ्हाईक आठवडाभर कुरकुरतं.

अजिनोमोटोवरून मात्र उगाच घाबरवू नका, फक्त ग्रॅममध्ये मोजा. कुकच्या चिमटीवर सोडलं तर रात्री अकराला ती चिमूट दुप्पट झालेली असते.

अन्नपूर्णा_दादर

कांदापात, तुम्ही "गार भात" एवढंच लिहून पुढे गेलात. धंदा बंद पाडणारी खरी गोष्ट तीच आहे, जरा सविस्तर लिहिते.

दुपारी तीनला शिजवलेला भात मोठ्या टोपात झाकून रात्री बारापर्यंत ठेवणं ही गाडीवरची सर्रास पद्धत. भातातल्या बॅसिलस सिरियस जंतूंचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा परतल्याने जात नाही. भट्टीवर कितीही भडका मारा, उपयोग शून्य.

पद्धत: लांब दाण्याचा जुना बासमती किंवा तुकडा, अर्धा तास भिजवून, भरपूर उकळत्या पाण्यात मीठ-तेल घालून नव्वद टक्के शिजवा, म्हणजे दाणा बोटात दाबला तर मधे बारीक कणी लागली पाहिजे. ओतून निथळा. लगेच रुंद ट्रेमध्ये दीड-दोन इंचाच्या थरात पसरा, पंख्याखाली. ६० अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांच्या आत, पुढच्या चार तासांत ५ च्या खाली. खोल टोपातला भात मधोमध चार तासांनीही कोमट असतो, म्हणून थर पातळ. फ्रिजमधून लागेल तेवढाच काढा, उरलेला परत आत नाही. एक किलो तांदळाचा अडीच किलोच्या आसपास भात, म्हणजे आठ फुल प्लेटा.

नूडल्सना हा त्रास कमी, पण तेच तत्त्व. उकडून थंड पाण्यात, पूर्ण निथळून, किलोला दोन चमचे तेल चोळून. नीट निथळले नाहीत तर कढईत तुटतात.

चिकनसाठी काटा असलेलं थर्मामीटर घ्या. लॉलीपॉप हाडाजवळ ७४ अंश. १६० वर सहा-सात मिनिटं आणि मग १८० वर दोन, असे दोनदा तळले की हाडाजवळ लाल राहत नाही. फ्रिजमधून काढून थेट तेलात टाकले तर तेवढ्या वेळात आत शिजणार नाहीत.

परळकर

तळणाचं तेल किती दिवस?

अन्नपूर्णा_दादर

दिवसांवर नाही. टोटल पोलर कंपाउंड (तळून-तळून तेलात साचणारी बिघडलेली द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. मोजायचं यंत्र मिळतं. कॉर्नफ्लोरचा चुरा तळाशी जळत राहिला की तेल फार लवकर मरतं, म्हणून दर दोन तासांनी गाळून घ्या. आणि ते काळं तेल उद्याच्या फ्राइड राइसला वापरणं बंद करा, गाडीवर "चव" म्हणून जे सांगतात त्यात हाही एक भाग असतो.

हिशोबनीस

परवाने थोडक्यात, कारण नियम बदलत असतात आणि शेवटी वॉर्ड ऑफिसात जाऊनच खात्री करायची आहे.

गाडीचा कुठलाही कागद गाळ्याला लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालात फेरीवाल्याला एक मीटर बाय एक मीटर जागा, स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा-रुग्णालय-मंदिरापासून १०० मीटर दूर, अशा अटी आहेत. २०१४ चा पथविक्रेता कायदा वेगळा. रस्त्यावर गॅस पेटवून शिजवण्याला पालिकेचा मुळातच विरोध, म्हणून अतिक्रमणवाले सगळ्यात आधी टाकी उचलतात.

गाळ्याला: मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३९४ खाली आरोग्य खात्याचा परवाना, अग्निशमनाचं ना हरकत, अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, दुकाने-आस्थापना, जीएसटी. अन्न सुरक्षेचा नंबर जागेला बांधलेला असतो, गाडीचा नंबर गाळ्यात टांगून चालत नाही. तो जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. माणसं ठरलेल्या संख्येपेक्षा कमी असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे गुमास्ता परवान्याच्या जागी फक्त सूचना नोंदवायची. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा छोटी नाही. ड्रॅगन कितीही मोठा काढा.

सगळ्यात आधी मात्र गाळ्याची कागदपत्रं बघा. मंजूर नकाशात तो गाळा दुकान आहे की गोदाम, की पार्किंग झाकून केलेला? पोटमाळा नकाशात आहे का? नकाशात नसलेल्या पोटमाळ्यावर सहा टेबलं मांडून केलेला हिशोब पहिल्या तपासणीतच कोसळतो. लीव्ह अँड लायसन्स नोंदवूनच करा, आणि करारात "परवाना नाकारला गेल्यास डिपॉझिट परत" हे कलम घाला. मालक कटकट करेल, तरी घाला.

आता पैसे. कच्चा माल विक्रीच्या ३० ते ३५ टक्के, भाडं १५ च्या आत, पगार २० च्या आसपास, गॅस-वीज ८ ते १०. ही ढोबळ मापं, पण भाडं २५ वर गेलं की बाकी कुठेही काटकसर करून भागत नाही. गाडीवर भाडं असं नसतंच (हप्ता असतो, तो वहीत येत नाही), म्हणून गाडीवाल्याला प्लेटची खरी किंमत माहीत नसते. गॅसचंच बघा: भट्टीवाल्यांच्या दोन किलो ताशीच्या हिशोबाने अडीच मिनिटांच्या प्लेटला ८० ग्रॅमच्या वर गॅस लागतो. आजच्या दराने गुणून बघा, कोबीपेक्षा गॅस महाग पडतो.

अ‍ॅपवरच्या ऑर्डरी वेगळ्या वहीत धरा. कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी, सवलतीतला तुमचा वाटा, डबा आणि पिशवी. २०२२ पासून अ‍ॅपवरच्या जेवणाचा जीएसटी अ‍ॅपवालाच भरतो, तो तुमच्या हिशोबात दोनदा धरू नका.

परळकर

थोडक्यात, गाडीवाल्याने गाळा घेऊच नये?

कांदापात

घ्यावा की. फक्त गाडी मोठी करून न्यावी, पंजाबी हॉटेल करू नये. अडीचशे-तीनशे चौरस फुटांचा दर्शनी गाळा, भट्ट्या पुढे, पार्सल काउंटर, उभं राहून खायला कट्टा. मेन्यू वीस-पंचवीस पदार्थांचा. मंचुरियन, शेजवान आणि लसणाचा सॉस अशा तीन ग्रेव्ह्यांतून तेवढे सहज निघतात. तंदूर आणि पनीर मखनी घेतलीत की दुसरा कुक, दुसरा फ्रिज, दुसरी भाजी, आणि चायनीजच्या कढईसमोर नजर ठेवायला कोणी नाही.

कुकची जागा गाडीवर होती तशीच बांधून घ्या. उजव्या हाताला मीठ-मसाल्याचे डबे, समोर सॉस, डावीकडे भात-नूडल्स, आणि मागे वळल्याशिवाय प्लेट ठेवता आली पाहिजे. इंटिरियरवाला डबे डोक्यावरच्या फळीवर ठेवतो, दिसायला छान. दर प्लेटला कुक दोनदा मान वर करतो आणि तेवढ्यात लसूण जळतो.

दोन कुक ठेवणार असाल तर मीठ, अजिनोमोटो, साखर, मिरपूड एका प्रमाणात आधीच मिसळून ठेवा, म्हणजे सोमवारचा आणि शनिवारचा राइस एकच लागतो. ५०० ग्रॅम मिठाला १०० ग्रॅम अजिनोमोटो, १०० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम पांढरी मिरपूड. फुल प्लेटला ४ ते ५ ग्रॅम, ठरलेला चमचा डब्यातच बांधून. हे वापरलंत की वर लिहिलेलं सुटं मीठ-मसाला वगळा, दोन्ही पडलं तर राइस तोंडात धरवणार नाही.

सई_गिरगाव

हे मिश्रण पावसाळ्यात दगड होतं त्याचं काय? आणि भेळेचे तळलेले नूडल्स दुपारी कुरकुरीत असतात ते संध्याकाळी चामड्यासारखे.

अन्नपूर्णा_दादर

मिश्रणाला साखर आणि मीठ दोन्ही पाणी ओढतात, म्हणून जूनपासून एका वेळी दोन दिवसांपुरतंच करा आणि भट्टीपासून हातभर लांब, झाकणाच्या डब्यात ठेवा. वाफेच्या तोंडाशी उघडा डबा असतो तिथेच गठ्ठे होतात.

नूडल्स तळण्याआधी उकडून, कॉर्नफ्लोरमध्ये हलके घोळवून, चाळणीत झटकून घ्या. १७५ अंशांवर बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळायचे, रंगावर जाऊ नका. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी, ते उरलं की मऊ पडणारच. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद. कोमट असताना बंद केला तर त्यांचीच वाफ त्यांना भिजवते. आणि भेळ ऑर्डर आल्यावरच कालवा, चटणी लागल्यापासून तीन-चार मिनिटांत नूडल्स मऊ पडतात, त्यामुळे पार्सलला चटणी वेगळ्या डबीत.